स्मृती गेली की माणूसपणही जाते का?

पत्राचा सारांश: सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवणाऱ्या बावन्न वर्षांच्या एका वाचक भगिनीने लिहिले आहे. त्यांच्या ८१ वर्षांच्या आईला काही वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. आता ती मुलांनाही ओळखत नाही आणि बोलणे जवळपास थांबले आहे. तरी समोर तांदळाचे ताट ठेवले तर तिचे हात निवडायला लागतात आणि परका पुरुष खोलीत आला तर ती पदर सावरते. दिवसा ब्यूरोतून आलेल्या मावशी बारा तास असतात, रात्र या स्वतः काढतात. अलीकडेच आईला जेवताना ठसका लागला, अन्न फुप्फुसात गेले, न्यूमोनिया झाला आणि डॉक्टरांनी नळीने अन्न देण्याचा विषय काढला. पुण्यातील धाकटा भाऊ म्हणतो, ‘ती आता आई उरलेली नाही, नुसते शरीर आहे.’ त्याने एक शुश्रूषागृह पाहून ठेवले आहे आणि तोवर खोलीत कॅमेरा बसवावा असा त्याचा आग्रह आहे. नेदरलँड्समध्ये स्त्री-अभ्यास शिकणारी मुलगी म्हणते की ‘माणूस’ ही कल्पनाच सत्ताधारी पुरुषांनी स्वतःच्या मापाने बेतलेली आहे, ती आता सोडून द्यायला हवी. वाचक विचारतात, ‘स्त्री ही आधी माणूस आहे, हे मी आयुष्यभर मुलींना शिकवत आले. ती कल्पनाच मोडीत काढली तर मी कशावर उभी राहू? आई अजून माणूस आहे हे मला मनातून माहीत आहे, पण भावापुढे सिद्ध करता येत नाही. मी काय करू?’

प्रिय ताई,

आई माणूस आहे हे तुम्हाला सिद्ध करता येत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. ते सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर आली कशी, असे मला आधी विचारावेसे वाटते. तुम्ही माणूस आहात याचा पुरावा तुमच्या भावाने तुमच्याकडे कधी मागितला नसेल आणि त्याच्याकडेही कुणी मागितला नसेल. काही माणसांचे माणूसपण गृहीत धरले जाते आणि काहींना ते दाखवून द्यावे लागते. ही विभागणी कुणी केली, हा स्त्रीवादाचा फार जुना प्रश्न आहे. तुमची मुलगी ज्या विचारांनी भारावली आहे त्या उत्तर-मानवतावादाचाही, म्हणजे ‘माणूस’ या जुन्या कल्पनेवरच शंका घेणाऱ्या विचारप्रवाहाचाही, तोच प्रश्न आहे. त्यामुळे तुमच्या दोघींमध्ये तुम्हाला वाटते तेवढे अंतर नाही, असे माझे मत आहे.

आधी भावाच्या वाक्याविषयी. ते कठोर आहे, पण त्याला निर्दय ठरवण्याची घाई करू नका. जिने वाढवले तिने चेहरा ओळखला नाही की मूल पोरके होते, मग ते मूल पन्नाशीच्या जवळ आलेले का असेना. ‘ती आता आई नाही’ असे म्हटले की न ओळखले जाण्याचे दुःख काहीसे सुसह्य होत असावे. मात्र त्या वाक्यामागचा विचार त्याचा एकट्याचा नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने मांडले की, काल जे केले ते मीच केले हे ज्या जाणिवेला उमजते ती जाणीव म्हणजे व्यक्ती. स्मृतीचा धागा तुटला की व्यक्ती संपली, हा निष्कर्ष त्यातून सहज निघतो आणि आज तो तत्त्वज्ञान न वाचलेल्या घरांतही बोलला जातो. आपल्या देशात साठ वर्षांवरील व्यक्तींमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसे, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दिला आहे आणि स्त्रियांमध्ये ते पुरुषांपेक्षा अधिक आहे. लॉकची कसोटी जशीच्या तशी लावली तर या साऱ्या लोकांना एकेक करून माणसांच्या यादीतून वगळावे लागेल. जी कसोटी एवढ्या जणांना बाहेर काढते, त्या कसोटीचीच तपासणी व्हायला हवी.

तशी तपासणी स्त्रियांनी पूर्वी केलेली आहे. फ्रान्सच्या क्रांतीने १७८९ साली मानवाचे हक्क जाहीर केले, तेव्हा त्या मानवात स्त्री नव्हती. ओलँप द गूज या फ्रेंच लेखिकेने १७९१ साली स्त्रीच्या हक्कांचा स्वतंत्र जाहीरनामा लिहिला आणि त्यात म्हटले की स्त्रीला फाशीच्या चौथऱ्यावर चढण्याचा हक्क असेल, तर भाषणाच्या व्यासपीठावर चढण्याचाही असला पाहिजे. १७९३ साली त्यांचा शिरच्छेद झाला. शिक्षा देताना त्यांना पूर्ण माणूस मानले गेले, हक्क देताना मात्र नाही. आपल्याकडे ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली स्त्री आणि पुरुष यांचे दोष शेजारी शेजारी मांडून, एकाच दोषाला दोन न्याय का, असे विचारले. त्याआधी १८५५ साली, फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे यांनी ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिले. त्यात उघड्यावर बाळंत होणाऱ्या स्त्रियांचे, त्यांना लागणाऱ्या थंडीवाऱ्याचे हाल आहेत. तुम्ही समाजशास्त्र शिकवता, तेव्हा हे सारे तुम्हाला ठाऊक असणारच. मी ते पुन्हा काढते आहे, कारण ‘स्त्री ही आधी माणूस आहे’ या तुमच्या वाक्याचे दोन अर्थ निघतात आणि आज तुमची अडचण त्यातील एकाच अर्थामुळे झाली आहे.

पहिला अर्थ असा की माणूस होण्यासाठी जी पात्रता लागते, म्हणजे बुद्धी, विवेक, स्वतःच्या पायावर उभे राहण्याची ताकद, ती स्त्रीकडेही आहे. शाळेचे, मतदानाचे, नोकरीचे दरवाजे उघडायला हा युक्तिवाद फार उपयोगी पडला आणि त्याचे ऋण मी मानते. पण त्यात पात्रतेची परीक्षा तशीच राहते. आपण फक्त उत्तीर्ण होणाऱ्यांची संख्या वाढवतो आणि आपली आई त्या परीक्षेत बसू शकेनाशी झाली की आपल्यापाशी बोलायला काही उरत नाही.

दुसरा अर्थ महाडला सापडतो. १९२७ च्या मार्चमध्ये चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांनी घेतले, जिथे जनावरांना मज्जाव नव्हता पण या माणसांना होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डॉ. आंबेडकरांनी सांगितले की आम्ही तळ्यावर केवळ पाणी पिण्यासाठी जात नाही, इतरांसारखी आम्हीही माणसे आहोत हे प्रस्थापित करण्यासाठी जातो. ही कृती नीट पाहा. तिथे कुणी बुद्धिमत्तेचे दाखले सादर केले नाहीत. तहान लागणारे शरीर, सर्वांचे असलेले पाणी आणि ते पिण्याचा हक्क, एवढ्यावर माणूसपणाचा दावा उभा राहिला. मुक्ता साळवे यांच्या निबंधातील बाळंतिणीचा दावाही थंडीपासून निवारा मिळण्याचाच आहे. या अर्थाने तुमच्या आईचे माणूसपण कणभरही कमी झालेले नाही. तिला तहान लागते, थंडी वाजते, ठसका लागल्यावर भीती वाटते आणि आपल्यापैकी कुणीतरी त्याला उत्तर द्यायचे असते. मुलींना शिकवलेले तुमचे वाक्य या पायावर उभे केले, तर कसोटी मोडीत निघाली म्हणून ते कोसळणार नाही. उलट तेव्हाच ते तुमच्या आईपर्यंत पोहोचेल.

आता तुमच्या मुलीचे म्हणणे. उत्तर-मानवतावाद म्हटले की पुष्कळांना यंत्रमानव आणि मेंदूत बसवलेल्या चिपा आठवतात. माणसाला तंत्राच्या जोरावर अधिक बलवान, अधिक दीर्घायुषी, जमल्यास अमर करू पाहणारा एक निराळा विचार आहे, पण तो जुन्या स्वावलंबी माणसालाच आणखी मोठा करतो. तुमची मुलगी ज्याविषयी बोलते आहे तो प्रवाह त्या स्वावलंबी माणसाच्या अस्तित्वावरच शंका घेतो. डॉना हॅरावे या मूळच्या जीवशास्त्राच्या अभ्यासक. १९८५ साली त्यांनी एका निबंधात सायबॉर्गची, म्हणजे अर्धे शरीर आणि अर्धे यंत्र असलेल्या जीवाची प्रतिमा स्त्रीवादासाठी वापरली. माणूस, प्राणी आणि यंत्र यांच्यामधील कुंपणे आपण समजतो तेवढी पक्की नाहीत आणि ती कुंपणे घालूनच स्त्रीला निसर्गाच्या बाजूला ढकलले गेले, असा त्यांचा रोख होता. पुढे उट्रेख्ट विद्यापीठात दीर्घकाळ शिकवणाऱ्या रोझी ब्रायदोत्ती यांनी २०१३ च्या आपल्या ग्रंथात हे सूत्र विस्ताराने मांडले. सारे जण सारख्याच प्रमाणात माणूस मानले गेले असे इतिहासात कधी झालेच नाही, हे त्यांचे आरंभीचेच विधान आहे.

हे तुमच्या घरातही दिसते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलेल्या किंवा पेसमेकरवर हृदय चालणाऱ्या कितीतरी आज्या आपल्या ओळखीत असतात आणि त्यामुळे त्या कमी माणूस झाल्या असे कुणी म्हणत नाही. आपल्या शरीरात जेवढ्या मानवी पेशी असतात, साधारण तेवढेच जिवाणूही असतात. २०१६ मधील एका मोजणीनुसार सरासरी पुरुषाच्या देहात सुमारे ३० लाख कोटी मानवी पेशी आणि ३८ लाख कोटी जिवाणू. त्यांच्याविना अन्न नीट पचत नाही. आणखी एक गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. गर्भारपणात बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात जातात आणि काही स्त्रियांमध्ये त्या मुलगा जन्मल्यानंतर २७ वर्षांनीही सापडल्याचे १९९६ साली संशोधकांनी दाखवले. तुमच्या भावाच्या पेशी आजही आईच्या देहात असतील किंवा नसतील, पण ‘नुसते शरीर’ म्हणून तो ज्याकडे पाहतो ते शरीर कधीच तिचे एकटीचे नव्हते. अर्थात पेशी सापडल्या म्हणून कर्तव्य सिद्ध होते असे मी म्हणणार नाही. दत्तक घेतलेल्या मुलाचे किंवा सुनेचे नाते यामुळे फिके पडत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की एकटा, अखंड, कुणावर अवलंबून नसलेला माणूस ही कल्पना जीवशास्त्रालाही मान्य होण्यासारखी नाही.

घरकामाचा हिशेबही तेच सांगतो. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात, घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, तर ते करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. ज्याला आपण स्वावलंबी म्हणतो त्याच्या स्वावलंबनात कुणाची तरी पाच तासांची मेहनत रोज मिसळलेली असते आणि ती दिसत नाही. अमेरिकी तत्त्वज्ञ एव्हा फेडर किटे यांना हे आपल्या लेकीमुळे फार जवळून कळले. तिला तीव्र बौद्धिक अपंगत्व आहे आणि ती बोलू शकत नाही. बुद्धीच्या पातळीवरून माणसाचे नैतिक मोल ठरवणाऱ्या सहकारी तत्त्वज्ञांशी किटे यांनी उघड वाद घातला. १९९९ च्या ग्रंथात त्यांनी समतेसाठी एक वेगळाच आधार सुचवला: आपल्यापैकी प्रत्येक जण कुणा ना कुणा आईचे मूल आहे, म्हणजे कुणीतरी सांभाळल्यामुळेच आपण जगलो. हा आधार वयाने, आजाराने, विस्मृतीने जात नाही.

तरीही मुलीच्या म्हणण्यातील एका गोष्टीशी मी सहमत नाही आणि ते तुम्ही तिला मोकळेपणाने सांगावे. ‘मी’ विरघळवून टाकण्याची भाषा ज्यांना ‘मी’ म्हणण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या आहे त्यांना सोपी जाते. जिचे नाव सातबाऱ्यावर लागायला नवरा वारावा लागला, त्या बाईला स्वतंत्र व्यक्ती ही कल्पना कालबाह्य झाल्याचे सांगणे अन्यायाचे आहे. हक्क मागताना आपण व्यक्ती म्हणून उभे राहायचे आणि ती व्यक्ती घडते कशी हे समजून घेताना नात्यांकडे, देहाकडे, इतर जीवांकडे पाहायचे, या दोन्ही गोष्टी एकाच बाईला करता येतात. तुम्ही त्या करतच आला आहात. दुसरे असे की परस्परावलंबनाचा सिद्धांत मांडणाऱ्याने त्याची रात्रपाळी कोण करते हेही सांगितले पाहिजे. मुलगी दूर आहे, तिला रात्र जागता येणार नाही. पण ब्यूरोच्या बिलाचा छोटा वाटा, औषधांच्या मागणीचा हिशेब, आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी आजीला गाणी ऐकवणे, यापैकी काहीतरी ती निश्चित उचलू शकते. विचार पटला आहे म्हणून तिने ते करावे.

तुमच्या पत्रात आईच्या हातांविषयी जे आहे, त्याकडे मी पुन्हा पुन्हा वळले. पिया कॉन्टोस या कॅनडातील संशोधिकेने स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या निवासगृहात निरीक्षणे केली. तिथल्या एका आजींना जेवणाआधी गळ्यात लाळेरे बांधत, तेव्हा त्या आतील मोत्यांची माळ हळूच ओढून दिसेल अशी वर घेत. स्वत्व केवळ आठवणींत नसते. आयुष्यभराच्या सवयींनी ते देहातही मुरलेले असते, असा कॉन्टोस यांचा निष्कर्ष आहे. तुमच्या आईचे तांदूळ निवडणे आणि पदर सावरणे मला याच प्रकारचे वाटते. त्यात एक अवघड बाजूही आहे, ती तुमच्यासारख्या अभ्यासकाने नजरेआड करू नये: जे हातांत उरले ते स्वयंपाकघराचे काम आणि परक्या पुरुषापुढचा संकोच. बाईच्या देहावर समाजाने जे कोरले तेही तिच्या स्वत्वात आहे. तरीसुद्धा ते तिचे आहे. तिला रोज ताट द्या. खोलीत पुरुष डॉक्टर येणार असतील तर मावशींना आधी पदर नीट करून द्यायला सांगा. तिची लाज आजही लाज आहे.

भावाला उत्तर देताना अरुणा शानबाग यांची आठवण ठेवा. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील या परिचारिकेवर नोव्हेंबर १९७३ मध्ये तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केला, साखळीने गळा आवळल्यामुळे मेंदूचा प्राणवायू तुटला आणि त्या पुन्हा कधी पूर्ण शुद्धीवर आल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत ४१ वर्षांहून अधिक काळ त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांना सांभाळले. त्यांना पाहिलेल्या परिचारिका निवृत्त झाल्या, नंतर आलेल्यांनी ते काम पुढे चालवले. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही त्यांना शय्याव्रण होऊ दिले नाहीत. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांना जगवणारे अन्न थांबवावे अशी याचिका केली, तेव्हा ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली आणि अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांना रोज सांभाळणाऱ्या रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचा मानला. नाते कशाने बनते याचे इतके स्पष्ट उत्तर न्यायालयाकडून क्वचितच मिळते.

या घटनेतून तुमच्यासाठी दोन गोष्टी निघतात. विराणी आणि परिचारिका यांची मते टोकाची विरुद्ध होती, पण अरुणा माणूस आहेत यावर दोघींचे एकमत होते. ‘ती माणूस आहे का’ आणि ‘तिच्यासाठी काय करणे योग्य’ हे वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर ‘हो’ आले म्हणून दुसऱ्याचे उत्तर ‘शक्य ते सर्व उपचार’ असेच येत नाही आणि उपचार कमी करायचे ठरले म्हणून कुणी तिचे माणूसपण नाकारले असेही होत नाही. तुम्ही व भाऊ गेले काही महिने दुसऱ्या प्रश्नाचे भांडण पहिल्या प्रश्नाच्या नावाने करत आहात, असे मला पत्र वाचून वाटले. दुसरी गोष्ट, केईएममधील ती शुश्रूषा पाळ्या लावून झाली. पगार, सुट्टी, हाताखाली दुसरी परिचारिका आणि मागे संस्था होती, म्हणून ती चार दशके टिकली. एकट्या बाईच्या त्यागावर ती चार वर्षेही टिकली नसती.

म्हणून नळीचा प्रश्न वेगळा काढून डॉक्टरांपुढे ठेवा. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात नळीने अन्न दिल्यामुळे आयुष्य वाढते किंवा अन्न फुप्फुसात जाणे थांबते, असा भरवशाचा पुरावा नाही. अमेरिकेतील वृद्धरोग तज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस अशा रुग्णांना नळी न घालता काळजीपूर्वक हाताने भरवावे अशी आहे. नाकातील नळी रुग्ण उपसून काढतात, मग हात बांधले जातात आणि तुमच्या आईचे हात बांधणे म्हणजे काय, हे मला तुम्हाला सांगायला नको. मात्र आईचा आजार नेमका कोणत्या टप्प्यावर आहे हे मला इथून कळणार नाही. गिळण्याचा त्रास औषधामुळे, तोंडातील जखमेमुळे किंवा नुकत्याच झालेल्या संसर्गामुळे वाढला असेल, तर तो कमीही होऊ शकतो आणि तेवढ्यापुरती नळी योग्य ठरू शकते. गिळण्याची तपासणी करणारे वाचा-भाषा तज्ज्ञ जवळच्या मोठ्या रुग्णालयात मिळतात का, अन्न किती दाट असावे, भरवताना किती उठवून बसवावे, पुढच्या वेळी न्यूमोनिया झाल्यास अतिदक्षता विभागात न्यायचे की घरी त्रास कमी करणारे उपचार द्यायचे, हे सारे शांतपणे विचारून लिहून घ्या. वेदनाशामक उपचारांचे पथक जिल्हा रुग्णालयात असेल तर त्यांना यात सामील करून घ्या. आणि आई बोलती होती तेव्हा शेजारच्या किंवा नात्यातील कुणाच्या आजारपणात ती काय म्हणाली होती, हे तुम्ही दोघा भावंडांनी आठवून पाहा. कायद्याच्या कागदाइतके नसले तरी त्या बोलण्याला मोल आहे.

शुश्रूषागृहाविषयी तुमच्या पत्रात अपराधाची भावना आहे, तिला मी दुजोरा देणार नाही. शुश्रूषा नात्यातून होते, या विचाराचा सोयीस्कर अर्थ ‘शुश्रूषा लेकीनेच करावी’ असा लावला जातो. स्त्रीवाद्यांनी इतक्या कष्टाने मांडलेला विचार पुन्हा बाईच्याच गळ्यात पडावा, हे होऊ देऊ नका. नोकरी करून वर्षानुवर्षे रात्री जागणाऱ्या बावन्न वर्षांच्या बाईचे शरीरही शरीरच आहे. भावाने पाहिलेली जागा स्वतः जाऊन पाहा, तीही जेवणाच्या वेळी, आधी न कळवता. भरवायला किती माणसे आहेत, रात्री कोण असते, कुणाचे हात बांधलेले दिसतात का, साडी नेसू देतात की सोयीसाठी सर्वांना गाऊन घालतात, भेटीला वेळेचे बंधन किती आहे, हे पाहिल्यावर तुमचे मत आपोआप बनेल. तिथले वातावरण बरे असेल तर आईला तिथे ठेवणे म्हणजे तिला टाकणे नव्हे. भावाने ‘नुसते शरीर’ समजून तिथे ठेवायचे म्हटले, तर मात्र जागा कितीही चांगली असली तरी भेटी थांबतील, म्हणून कोण कोणत्या वारी जाणार हे प्रवेश घेण्याआधी ठरवा.

भावाला तत्त्वज्ञानाने पटवायला जाऊ नका. त्याला महिन्यातील दोन शनिवार-रविवार द्या आणि त्या वेळात तुम्ही घराबाहेर राहा. भरवणे, नखे कापणे, तेल लावणे हे त्यानेच करावे. मुलगा म्हणून पैसे आणि निर्णय त्याचे, मुलगी म्हणून देह आणि रात्री तुमच्या, ही वाटणी त्यालाही आईपासून दूर नेत आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा मुलगा आणि मुलगी दोघांवरही जबाबदारी टाकतो. त्याचा उल्लेख भांडणात करू नका, पण स्वतःच्या मनात असू द्या. तो आला आणि आईने त्याला ओळखले नाही, तर ते त्याला सहन करावे लागेल. ओळखले न जाताही सांभाळणे शक्य असते, हे तुम्ही गेले वर्षभर करून दाखवले आहे.

मावशींविषयी तुमच्या पत्रात एकच वाक्य आहे आणि ते मला खटकले. दिवसाचे बारा तास आईच्या सर्वांत जवळ असणारी व्यक्ती त्या आहेत. घोट कधी अडकतो, कोणत्या कुशीवर ती शांत झोपते, हे त्यांना तुमच्याहून जास्त माहीत असेल. ब्यूरो तुमच्याकडून किती घेते आणि त्यातून त्यांच्या हाती किती पडते, आठवड्याची सुट्टी मिळते का, ती पगारी आहे का, त्यांच्या घरी म्हाताऱ्या माणसांना कोण पाहते, हे विचारा आणि तुमच्या हातात असेल तेवढे बदला. सांभाळणारीला कुणी सांभाळले तरच सांभाळणे टिकते, हेही किटे यांच्या मांडणीतच आहे. एका बाईचे माणूसपण राखताना दुसऱ्या बाईचे हात तेवढे भाड्याने घेतले असे होऊ नये. कॅमेऱ्याचा निर्णयही याच दृष्टीने घ्या. तो आईला स्नान घालताना, कपडे बदलताना चालू राहणार असेल तर तिच्या लाजेचा भंग होतो आणि मावशींवर दिवसभर पाळत राहते. रात्री ती एकटी उठून पडेल अशी भीती असेल, तर पलंगाजवळ हालचाल कळवणारी घंटी पुरते. त्यातूनही कॅमेरा लावायचाच झाला, तर मावशींना विचारून, दाराकडे तोंड करून, ठरावीक वेळेपुरता लावावा.

वर्गाचे म्हणाल, तर स्त्री ही आधी माणूस आहे हेच शिकवत राहा, फक्त त्याला महाडची बाजू जोडा. पात्र ठरलेल्यांना हक्क मिळतात या ऐवजी, हक्क मिळाले की गरजा असणाऱ्या देहांना माणसासारखे जगता येते, अशी मांडणी करून पाहा. मुली चांगले प्रश्न विचारतील, काही तुमच्या लेकीसारखेच. त्यातल्या पुष्कळजणी घरी आजीला सांभाळत असतात आणि त्यांना ते अभ्यासाबाहेरचे वाटते.

एक काम तुम्ही स्वतःसाठीही करा. आपण निर्णय घेऊ शकणार नाही अशी वेळ आली तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे आधी लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला. २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली, त्यामुळे आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित केले तरी चालते. तुमच्या वतीने कोण बोलेल हे त्यात लिहिता येते. तिथे केवळ मुलीचे नाव घालून थांबू नका, जवळ राहणाऱ्या आणि तुम्हाला रोज भेटणाऱ्या एखाद्या मैत्रिणीलाही आधी विचारा आणि तिच्याशी सविस्तर बोला. आईच्या वेळी हे बोलणे राहून गेले. डॉक्टरांची पुढची भेट ठरली असेल तर त्या दिवशी भावाला रजा घ्यायला सांगा, मुलीला फोनवर घ्या आणि मावशींना बाहेर बाकावर न बसवता आत, खुर्चीवर बसवा.